संशय आणि सिद्धता

साक्षीदार खोटे बोलेल, परंतु परिस्थिती खोटे बोलत नाही, असे एक वचन कोर्टकचेऱ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. वचन ऐकण्यास गोड आहे आणि पुष्कळ अंशी खरेही आहे. साक्षीदाराला लोभ असतो, वैर असते, विस्मरण असते. रक्ताच्या डागाला यांपैकी काहीच नसते. परंतु या वचनात एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. परिस्थिती स्वतः मुकी असते. तिच्या वतीने बोलतो तो माणूस, आणि तो अर्थ लावण्यात चुकू शकतो. ही चूक एखाद्या माणसाच्या गळ्याभोवती फास होऊन बसली, तर ती दुरुस्त कोणी करावी, आणि कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न न्यायशास्त्रात फार जुना आहे. १९३१ साली इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी घडलेल्या वॉलेस खटल्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले, ते आजही विचार करण्यासारखे आहे.

विल्यम हर्बर्ट वॉलेस हा बावन्न वर्षांचा, उंच, कृश आणि अबोल गृहस्थ. प्रुडेन्शियल विमा कंपनीच्या वतीने घरोघर फिरून हप्ते गोळा करणे हा त्याचा व्यवसाय. तरुणपणी त्याने काही काळ कलकत्त्यास एका दुकानात नोकरी केली होती. परंतु प्रकृती न मानवल्यामुळे त्याला स्वदेशी परतावे लागले. रसायनशास्त्राचा त्याला नाद होता, स्टोइक तत्त्ववेत्त्यांच्या वाचनाची आवड होती, आणि पोक्त वयात तो व्हायोलिन शिकला होता. अ‍ॅनफील्ड भागातील वुल्व्हर्टन स्ट्रीटवरील एका लहानशा घरात तो आणि त्याची पत्नी ज्यूलिया असे दोघेच राहत. मूलबाळ नव्हते. संध्याकाळी दिवाणखान्यात ती पियानोवर बसे आणि तो व्हायोलिन घेई. दोघांत कधी वितुष्ट असल्याचे शेजारीपाजारी कोणाच्या कानी आले नव्हते.

वॉलेसला बुद्धिबळाचाही शौक होता. १९ जानेवारी १९३१, सोमवार, या दिवशी सायंकाळी त्याचा क्लबात डाव ठरला होता. तो तेथे पोहोचण्यापूर्वी, सव्वासातच्या सुमारास, क्लबात त्याच्या नावाने टेलिफोन आला. बोलणाऱ्याने आपले नाव आर. एम. क्वॉल्ट्रो असे सांगितले, आणि वॉलेसने दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेसात वाजता २५, मेन्लव्ह गार्डन्स ईस्ट या पत्त्यावर विम्याच्या कामासाठी यावे, असा निरोप ठेवला. क्लबाच्या कप्तानाने निरोप लिहून घेतला व वॉलेस आल्यावर त्याला दिला. हे नाव आपण कधी ऐकले नाही असे वॉलेस म्हणाला. तथापि पत्ता टिपून घेऊन तो खेळावयास बसला.

मंगळवारी सायंकाळी तो घरून निघाला. ट्रामगाड्या बदलीत तो शहराच्या दुसऱ्या टोकास गेला. मेन्लव्ह गार्डन्स नॉर्थ सापडले, साउथ सापडले, वेस्टही सापडले. परंतु ईस्ट नावाचा रस्ताच तेथे नव्हता. त्याने वाटेवरच्या लोकांना विचारले, पोलीस शिपायाला विचारले, वृत्तपत्रांच्या दुकानात जाऊन विचारले. अखेर निराश होऊन तो पावणेनऊच्या सुमारास घरी परतला. पुढचे दार उघडेना, मागचेही उघडेना. इतक्यात शेजारचे पतिपत्नी बाहेर पडत होते, त्यांना त्याने हकीकत सांगितली आणि पुन्हा एकदा मागचे दार लोटून पाहिले. या वेळी ते उघडले. आत दिवाणखान्यात ज्यूलिया मृतावस्थेत पडली होती. डोक्यावर घाव घालून तिला ठार करण्यात आले होते. तिच्या अंगाखाली वॉलेसचाच पावसाळी कोट चुरगळलेला होता आणि त्याचा काही भाग जळालेला होता. पैशाच्या पेटीतून सुमारे चार पौंड नाहीसे झाले होते.

पोलिसांनी चौकशी केली तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. क्लबात आलेला टेलिफोन एका सार्वजनिक पेटीतून करण्यात आला होता. जोडणी देताना काही अडचण आल्यामुळे टेलिफोन कचेरीत त्याची नोंद राहिली होती. ही पेटी वॉलेसच्या घरापासून सुमारे चारशे यार्डांवर होती! हा धागा हाती येताच पोलिसांचा तर्क सुसाट धावू लागला. क्वॉल्ट्रो म्हणून कोणी नाहीच. वॉलेसनेच क्लबाकडे जाता जाता आवाज बदलून स्वतःस निरोप ठेवला. अस्तित्वात नसलेल्या पत्त्याचा शोध करण्याचे सोंग आणून त्याने वाटेत साक्षीदार निर्माण केले. आणि निघण्यापूर्वी पत्नीचा खून केला. अंगावर रक्त उडू नये म्हणून त्याने उघड्या अंगावर तो पावसाळी कोट चढविला असावा, असेही सरकार पक्षातर्फे सुचविण्यात आले. २ फेब्रुवारी रोजी वॉलेसला अटक झाली.

श्रोत्यांनी क्षणभर ज्यूरीच्या आसनावर बसून या पुराव्याकडे पाहावे. टेलिफोनची पेटी घराजवळ होती हे खरे. परंतु वॉलेस घराबाहेर पडतो केव्हा यावर पाळत ठेवणारा दुसरा कोणी मनुष्य असता, तर तोही हीच पेटी निवडता. वॉलेसने पत्ता अनेकांना विचारला हे खरे. परंतु नवख्या भागात कामासाठी गेलेला प्रामाणिक मनुष्य याहून वेगळे काय करणार? क्लबाचा कप्तान वॉलेसला कित्येक वर्षे ओळखत होता. टेलिफोनवरचा आवाज वॉलेसचा होता असे मानावयाचे तर कल्पनाशक्तीस फारच ताण द्यावा लागेल, अशा आशयाची साक्ष त्याने दिली. पत्नीच्या मृत्यूनंतर वॉलेस फारसा रडला नाही, हे अनेकांना खटकले. परंतु ज्याने आयुष्यभर मनोनिग्रहाचा अभ्यास केला, त्याच्या कोरड्या डोळ्यांवरून हृदयाची परीक्षा कशी व्हावी?

वेळेचा हिशेब तर त्याहून बिकट होता. दूध घालणाऱ्या एका मुलाने ज्यूलियाला दारात जिवंत पाहिले होते. ती वेळ साडेसहाची की पावणेसातची, याविषयी वाद होता. इकडे वॉलेस सात वाजून सहा मिनिटांच्या सुमारास घरापासून बऱ्याच अंतरावर ट्रामगाडीत चढत होता, हे निश्चित होते. पोलिसांनी स्वतः ते अंतर वारंवार तोडून पाहिले. हा सारा हिशेब जमविला तर खून करणे, अंग धुणे, कपडे चढविणे, शस्त्र नाहीसे करणे आणि चोरीचा देखावा उभा करणे, या सर्वांस फार तर वीस मिनिटे मिळत होती. आणि मुलाची वेळ उशिराची धरली तर जेमतेम पाच. त्याच्या कपड्यांवर रक्ताचा थेंब आढळला नाही. वरच्या मजल्यावरील शौचकूपात एक लहानशी गुठळी सापडली, परंतु ती पोलिसांच्या जाण्यायेण्यातही तेथे पडली असणे शक्य होते. शस्त्र कधीच सापडले नाही. वैद्यकीय तज्ज्ञाने मृत्यूची वेळ प्रेताच्या ताठरपणावरून ठरविली. शरीराचे उष्णमान त्याने मोजलेच नव्हते. आणि हेतू? पत्नीच्या मृत्यूने वॉलेसला मिळणारी रक्कम क्षुल्लक होती, दुसऱ्या स्त्रीचा संबंध नव्हता, भांडणाचा मागमूस नव्हता. सरकार पक्षाला हेतू शेवटपर्यंत सांगता आला नाही.

थोडक्यात, खटल्यातील प्रत्येक वस्तुस्थितीला दोन तोंडे होती. एक अपराधाकडे पाही, दुसरे निर्दोषतेकडे.

२२ एप्रिल १९३१ रोजी लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये न्यायमूर्ती राइट यांच्यापुढे खटला उभा राहिला. सरकारतर्फे हेमर्डी आणि बचावासाठी रोलंड ऑलिव्हर हे नामांकित बॅरिस्टर होते. खटल्याचा खर्च वॉलेसच्या शक्तीबाहेरचा होता. त्याच्या कंपनीतील नोकरांच्या संघाने आधी आपल्या प्रतिनिधींपुढे सारा पुरावा मांडून खासगी रीतीने जणू खटलाच चालविला, आपला सहकारी निर्दोष आहे असा निर्णय घेतला, आणि मग त्याच्या बचावासाठी पैसा उभा केला.

चौथ्या दिवशी न्यायमूर्तींनी ज्यूरीपुढे समारोप केला. तो जवळजवळ आरोपीच्या सुटकेचाच होता. खून याने केला नाही तर कोणी केला, हा तुमच्यापुढील प्रश्न नव्हे, असे त्यांनी बजावले. याने केला हे शाबीत झाले काय, एवढाच प्रश्न आहे. जी गोष्ट अपराध आणि निर्दोषता या दोहोंशी सारखीच जुळते, तशा गोष्टी कितीही गोळा केल्या तरी त्यांची बेरीज पुरावा होत नाही, हेही त्यांनी समजावून सांगितले. दहा पुरुष आणि दोन स्त्रिया यांची ती ज्यूरी विचारासाठी आत गेली आणि सुमारे तासाभराने परतली. निर्णय होता, अपराधी! काही सांगावयाचे आहे काय, असे विचारता वॉलेस एवढेच म्हणाला की, आपण अपराधी नाही, याहून अधिक काही सांगावयाचे नाही. न्यायमूर्तींनी फाशीची शिक्षा उच्चारली.

येथून पुढची कथा एका माणसाची राहत नाही. ती एका संस्थेची होते. हाच निर्णय पंचवीस वर्षांपूर्वी लागला असता तर वॉलेसला दाद मागण्यास न्यायालयच नव्हते. इंग्लंडात दहा पौंडांच्या देण्याघेण्याच्या वादात वरच्या कोर्टाकडे जाता येई, पण फाशीच्या कैद्याला पुराव्याचा फेरविचार मागता येत नसे. ज्यूरीने एकदा निर्णय दिला की तो देवाच्या वाणीसारखा अंतिम, अशी तेथील परंपरा होती. त्यानंतर उरे ती केवळ गृहमंत्र्यांमार्फत मिळणारी राजाची दया. दयेला कारणे द्यावी लागत नाहीत, आणि ज्याने अपराधच केला नाही त्याला क्षमा कसली करावयाची, हा प्रश्नही तिला सोडविता येत नाही.

ही परंपरा ढासळण्यास दोन प्रकरणे कारणीभूत झाली. अडॉल्फ बेक नावाच्या मनुष्यास १८९६ साली आणि पुन्हा १९०४ साली, दुसऱ्याच एका ठगाच्या गुन्ह्यांबद्दल, केवळ चेहऱ्याच्या साम्यावरून दोषी ठरविण्यात आले. दुसऱ्या प्रकरणाचा तर आपल्या मुंबईशी संबंध आहे. मुंबईच्या पारशी कुळात जन्मलेले शापूरजी एडलजी हे ख्रिस्ती धर्म स्वीकारून इंग्लंडातील एका खेड्यात धर्मोपदेशक झाले होते. त्यांचा मुलगा जॉर्ज हा वकील. १९०३ साली जनावरांना जखमी केल्याचा आरोप ठेवून, काही योगायोगाच्या गोष्टी व हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत यांवर विसंबून, त्याला सात वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी १९०७ साली त्याची बाजू वृत्तपत्रांतून मांडली आणि देशभर खळबळ उडवून दिली. सरकारने त्याला क्षमा केली, नुकसानभरपाई मात्र दिली नाही. त्याच वर्षी पार्लमेंटने फौजदारी अपिलाचा कायदा संमत केला आणि स्वतंत्र अपील न्यायालय अस्तित्वात आले.

या कायद्याच्या चौथ्या कलमात असे शब्द आले की, ज्यूरीचा निर्णय अवाजवी असेल किंवा पुरावा पाहता टिकण्यासारखा नसेल, तर न्यायालयाने तो रद्द करावा. शब्द निःसंदिग्ध होते. परंतु शब्द कायद्यात असणे निराळे आणि त्यांचा उपयोग करण्याचे धैर्य न्यायाधीशांत असणे निराळे. न्यायाधीशाने कायदा चुकीचा सांगितला, अग्राह्य पुरावा पुढे येऊ दिला, अशा कारणांनी शिक्षा रद्द होत. परंतु वस्तुस्थितीचा निर्णय करणे हे ज्यूरीचे राज्य. तेथे पाऊल टाकण्यास अपील न्यायालय कचरत असे. चोवीस वर्षांत, केवळ पुरावा अपुरा या कारणावर, खुनाच्या खटल्यातील एकही दोषसिद्धी त्याने मोडली नव्हती.

वॉलेसच्या वकिलापुढील पेच यावरून ध्यानात येईल. न्यायमूर्ती राइट यांचा समारोप इतका न्याय्य होता की त्यात खोट काढावयास जागाच नव्हती! अपील टिकावयाचे तर ते त्याच एका, कधीही न वापरलेल्या, आधारावर. शिवाय त्या काळी अपील न्यायालयाला फेरखटल्याचा हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. मधला मार्गच नव्हता. एक तर फास, नाही तर पूर्ण मुक्तता.

सुनावणीपूर्वीच्या रविवारी लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये, न्यायाधीशांस योग्य मार्ग दिसावा म्हणून प्रार्थना करण्यात आली. १८ आणि १९ मे १९३१ रोजी लंडनमध्ये सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट, न्यायमूर्ती ब्रॅन्सन आणि न्यायमूर्ती हॉक यांच्यापुढे अपील चालले. दोन्ही बाजूंची भाषणे संपल्यावर तिघेही विचारविनिमयासाठी उठून आत गेले, आणि सुमारे पाऊण तासाने परत आले. सरन्यायाधीशांनी निर्णय वाचला. न्यायालयाचे काम संशय किती गडद आहे हे पाहण्याचे नव्हे, तर अपराध शाबीत झाला की नाही हे पाहण्याचे आहे. आणि दोषसिद्धीस जी निश्चिती लागते, तितक्या निश्चितीने हा खटला शाबीत झालेला नाही. म्हणून शिक्षा रद्द. वॉलेस त्याच दिवशी मोकळा झाला.

न्यायालयाने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे दोन्ही लक्षात घेतले पाहिजे. वॉलेस निर्दोष आहे असे न्यायाधीश म्हणाले नाहीत; ते सांगणे त्यांचे कामही नव्हते. त्यांनी सांगितले ते इतकेच की संशय ही एक जात आणि सिद्धता ही दुसरी. संशय कितीही वाढविला तरी त्याची सिद्धता होत नाही. जसे पाणी कितीही ओतले तरी त्याचे तेल होत नाही.

हे तत्त्व नवे नव्हते. १८३८ साली हॉज नावाच्या आरोपीच्या खुनाच्या खटल्यात बॅरन ऑल्डरसन या न्यायाधीशाने ते ज्यूरीस सांगितले होते. सिद्ध झालेल्या गोष्टी अपराधाशी जुळल्या पाहिजेत, इतकेच नव्हे, तर दुसऱ्या कोणत्याही समंजस अनुमानाशी त्या जुळता कामा नयेत, असा त्याचा आशय होता. सुटे दुवे जोडून आपल्या मनाजोगी साखळी तयार करण्याचा मोह माणसाच्या बुद्धीस स्वभावतःच असतो, हा इशाराही त्याने दिला होता.

हाच विचार पुढे आपल्या देशात आला. १९५२ साली मध्यप्रदेश सरकारच्या एका अधिकाऱ्यावरील बनावट कागदपत्राच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑल्डरसन यांच्या त्या इशाऱ्याचा आधार घेऊन दोषसिद्धी रद्द केली. १९८४ साली पुण्याच्या एका प्रकरणात त्याला पूर्ण आकार आला. विषाने मृत्यू पावलेल्या एका नवविवाहितेच्या पतीस सेशन्स कोर्टाने फाशी दिली होती आणि मुंबई हायकोर्टाने ती कायम केली होती. सुप्रीम कोर्टाने त्याला सोडून दिले, आणि न्यायमूर्ती फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच नियम घालून दिले. त्यांना त्यांनी ‘पंचशील’ असेच नाव दिले. ज्या गोष्टींवरून अनुमान काढावयाचे त्या स्वतः पूर्णपणे सिद्ध झालेल्या असाव्यात. त्या फक्त अपराधाशीच जुळाव्यात. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात. दुसऱ्या प्रत्येक शक्यतेचे निरसन व्हावे. आणि साखळी इतकी अखंड असावी की निर्दोषतेस समंजस आधार उरू नये. खाली शाबीत, वर शाबीत, आणि सर्वांत वर अशाबीत! मधल्या पायरीवर न्याय थांबला असता तर काय झाले असते, हे निराळे सांगावयास नको.

याचा अर्थ परिस्थितिजन्य पुरावा दुबळाच असतो असा मात्र नव्हे. १९५६ साली पुण्याच्या एका सधन विधवेला तिच्या डॉक्टराने रात्रीच्या गाडीने मुंबईस नेले आणि तेथील इस्पितळात तिचा मृत्यू झाला. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही, विष देताना कोणी पाहिले नव्हते. तरीही तिची ओळख दडविणे, मृत्यूनंतर ती जिवंत असल्याचा देखावा पत्रांनी उभा करणे, तिची मालमत्ता हळूहळू आपलीशी करणे, अशा त्याच्या कृत्यांचा निर्दोष अर्थ लागूच शकत नव्हता. सुप्रीम कोर्टाने त्याची फाशी कायम ठेवली. वॉलेस खटल्यात प्रत्येक दुव्याला दोन अर्थ होते. येथे एकच उरला. भेद आहे तो इतकाच, आणि तो ओळखण्यासाठीच वरचे न्यायालय असते. सेशन्स कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्यावाचून अमलात येऊ नये, हा नियम आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी संहितेत होता, १९७३ च्या संहितेत राहिला आणि २०२४ साली अमलात आलेल्या नव्या संहितेतही तो कायम आहे.

आणि वॉलेस? अपिलाने त्याचा प्राण परत मिळाला. आयुष्य मिळाले नाही. कंपनीने त्याला कचेरीत बैठे काम दिले, कारण ज्या घरांत तो हप्ते गोळा करीत असे ती दारे आता त्याला उघडत नव्हती. निनावी पत्रे येऊ लागली. जुने शेजारी तोंड चुकवू लागले. अखेर तो ते घर सोडून मर्सी नदीपलीकडे ब्रॉम्बरो येथे राहावयास गेला. मूत्रपिंडाच्या विकाराने २६ फेब्रुवारी १९३३ रोजी, सुटकेनंतर दोन वर्षेही पुरी होण्याच्या आत, त्याचा मृत्यू झाला. अ‍ॅनफील्डच्या स्मशानभूमीत ज्यूलियाच्या शेजारीच त्याला पुरण्यात आले. तिच्या खुनाबद्दल दुसऱ्या कोणावरही कधी खटला झाला नाही.

न्यायालय लोकांच्या मनातील संशय पुसू शकत नाही. ते त्याच्या हाती नाही. परंतु त्या संशयाच्या हाती फासाची दोरी न देणे, हे मात्र त्याच्या हाती आहे. मे १९३१ मध्ये तीन न्यायाधीशांनी एवढेच केले.